ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी बिघाड शोधा

कळमनुरी तालुक्यात खरिपाची पेरणी म्हणजे मुख्यतः सोयाबीन. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा सल्ला दरवर्षी दिला जातो आणि बहुतेक शेतकरी तो पाळतात. पण तेवढा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की हातात दोन-तीन दिवसच असतात. कयाधू काठच्या भारी काळ्या रानात तर वाफसा सकाळी आहे आणि संध्याकाळी पुन्हा सर आली की गेला, असे होते. नेमक्या अशा सकाळी किल्ली फिरवावी आणि ट्रॅक्टरने नुसते ‘कट’ म्हणावे, हा अनुभव अनेकांना आहे. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा किंवा कळमनुरीहून मिस्त्री बोलवावा तर त्या दिवशी त्याला दहा गावांचे फोन असतात. मग घाईत एक तर नवी बॅटरी आणली जाते, नाही तर स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ मारला जातो. पहिल्या उपायात पैसे जातात, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

ट्रॅक्टरच्या विजेच्या बिघाडांपैकी बरेचसे बिघाड टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, फ्यूज आणि क्लचखालचा स्विच या चार ठिकाणी सापडतात. ते शोधायला एक साधा मल्टिमीटर आणि १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प एवढे पुरते. दोन्ही वस्तू काही शंभर रुपयांत येतात.

आधी हे ठरवा: बिघाड विजेचा आहे का?

सेल्फ इंजिन जोरात फिरवत असेल आणि तरीही इंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरीच्या मागे लागू नये. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. डिझेल येते का, लाइनमध्ये हवा धरली आहे का, फिल्टर तुंबला आहे का, हे आधी पाहावे. स्टॉपचा नॉब ओढलेलाच राहिला आणि अर्धा तास सेल्फ मारून बॅटरी उतरवली, असेही घडते. ज्या ट्रॅक्टरमध्ये किल्ली बंद करताच इंजिन बंद होते, त्यात पंपावर डिझेल अडवणारा छोटा सोलेनॉइड असतो. त्याची वायर निघाली की डिझेल पुढे जात नाही. किल्ली चालू करताना पंपाजवळ हलका ‘टक’ आवाज येतो का, ते ऐकावे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा ते एक मिनीट थांबावे. सेल्फ ही थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेली मोटर आहे. सलग मारल्यास तिची वाइंडिंग तापून जळते आणि मूळ बिघाड किरकोळ असला तरी त्यात सेल्फच्या खर्चाची भर पडते.

आवाज ऐका, हेडलाइट पाहा

इंजिन फिरतच नसेल तर हेडलाइट लावून किल्ली फिरवावी आणि दिव्यांकडे पाहावे. या एका चाचणीतून निम्मा बिघाड कळतो. (हे करताना दोन्ही गिअर लिव्हर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. पुढच्या सगळ्या चाचण्यांनाही हेच लागू आहे.)

दिवे आधीच मंद असतील, किंवा किल्ली फिरवताच विझल्यासारखे होऊन ‘कटकटकट’ असा आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल नीट धरत नाही. दिवे चांगले प्रखर राहिले आणि एकदाच ‘कट’ आवाज आला, तर वीज सोलेनॉइडपर्यंत पोचते आहे. अशा वेळी सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क जळालेले असतात किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. दिवे प्रखर आहेत पण आवाजच नाही, तर बॅटरी आणि सेल्फ यांना तूर्त सोडावे. बिघाड किल्ली, फ्यूज, सेफ्टी स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणाऱ्या बारीक वायरमध्ये आहे. आणि सेल्फ नुसता ‘घुर्र’ करून फिरतो पण इंजिन हलत नाही, तर सेल्फचे पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यात बसत नाही. ते काम मिस्त्रीचे.

बॅटरी: आकडा काय सांगतो

ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यानंतर सकाळी, काहीही चालू न करता, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर लावावा. १२.६ किंवा थोडे जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली, आधी चार्ज करून घ्यावी. बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. त्यामुळे चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकत असेल, तर एक घर मेलेले आहे. ती बॅटरी बदलावीच लागते.

उभ्या बॅटरीचा आकडा फसवूही शकतो. १२.५ दाखवणारी जुनी बॅटरी सेल्फचा भार आला की कोसळते. म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी खुंट्यांवरचा आकडा पाहावा. तो ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीत दम नाही. मात्र मल्टिमीटरचे टोक खुंटीच्या शिशावर ठेवावे, वरच्या क्लिपवर नव्हे. खुंटीवर १२ आणि क्लिपवर ८ असे दिसले, तर बॅटरी चांगली आहे. खुंटी आणि क्लिप यांच्यामध्ये जमलेला पांढरा-हिरवा थर वीज अडवतो आहे. तो थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावा, घासकागदाने दोन्ही भाग चकचकीत करावेत, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. पंधरा मिनिटांच्या या कामाने ज्या बॅटऱ्या वाचल्या असत्या, अशा कितीतरी भंगारात जातात.

टर्मिनल काढताना आधी काळे, म्हणजे वजा काढावे आणि बसवताना वजा शेवटी बसवावे. कारण साधे आहे. वजा टर्मिनल ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेले असते. ते जोडलेले असताना अधिक खुंटीवरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर जोरात ठिणगी उडते. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेटून बॅटरी फुटू शकते. बॅटरीपाशी बिडी-सिगारेट नको आणि पाण्याची पातळी पाहायला काडी पेटवणे तर नकोच. आतले पाणी म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आहे. डोळ्यात उडाल्यास ताबडतोब स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा बॅटरीतील पाणी भराभर उडते. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणे उघडून पाहावे आणि प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर राहील एवढे डिस्टिल्ड वॉटर भरावे. बोअरचे किंवा विहिरीचे पाणी टाकू नये, त्यातील क्षार प्लेटांवर बसतात. आम्लही वरून टाकू नये, कारण उडते ते पाणी, आम्ल आतच राहते.

अर्थिंगची पट्टी: सर्वांत दुर्लक्षित जागा

बॅटरीच्या वजा खुंटीपासून निघालेली जाड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी चेसीला किंवा इंजिनाला बोल्टने आवळलेली असते. सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह याच बोल्टमधून परत येतो. तिथे गंज, चिखल किंवा रंग असेल तर सेल्फ हळू फिरतो आणि दोष बॅटरीवर जातो. ट्रॅक्टरला नवा रंग दिल्यावर किंवा क्लचचे काम करून आणल्यावर लगेच हा त्रास सुरू झाला, तर पहिला संशय इथेच घ्यावा. बोल्ट रंगावरच आवळलेला असतो.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचे एक टोक वजा खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर जोड खराब आहे. मल्टिमीटर नसेल तर जंपर केबलने वजा खुंटी थेट इंजिनाच्या लोखंडाला जोडावी. तेवढ्याने सेल्फ नेहमीसारखा फिरला तर नवी बॅटरी आणायची गरज नाही, पट्टी काढून साफ करावी. नवी पट्टी बॅटरीच्या मानाने अगदीच स्वस्त असते.

सेफ्टी स्विच आणि तो जीवघेणा शॉर्टकट

आताच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय सेल्फ लागत नाही. काही मॉडेलमध्ये पीटीओच्या लिव्हरलाही स्विच असतो. बागेत बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्रात हाच स्विच सीटखाली असतो, माणूस उठला की यंत्र बंद. तत्त्व एकच आहे, चालक जागेवर नसताना यंत्र सुरू होऊ नये.

आपल्या काळ्या मातीत क्लचखालचा स्विच चिखलाने भरतो, वाळतो आणि अडकतो. मग दिवे प्रखर, बॅटरी १२.६, पण किल्ली फिरवली तर पूर्ण शांतता. आधी फ्यूज पाहावा. तो शाबूत असेल तर क्लचचा पेडल चार-पाच वेळा दाबून सोडावा, स्विचच्या खालची माती धुवावी, प्लग काढून आतली पितळी टोके साफ करून परत बसवावा. उंदराने वायर कुरतडली आहे का, तेही पाहावे. शेडमध्ये ट्रॅक्टर महिनाभर उभा असेल आणि शेजारी सोयाबीनची पोती असतील, तर उंदीर वायरिंगपर्यंत आलेच समजा.

त्यानेही काम झाले नाही तर टेस्ट लॅम्पचा एक चिमटा सोलेनॉइडच्या बारीक वायरच्या टोकाला आणि दुसरा इंजिनाच्या लोखंडाला लावावा. वायरी लांब ठेवून बल्ब बाजूला न्यावा, म्हणजे चाकांच्या मध्ये उभे राहावे लागत नाही. स्टॉपचा नॉब ओढून ठेवावा (नॉब नसेल तर डिझेल सोलेनॉइडची वायर काढावी), म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. आता सीटवर बसलेल्या माणसाने क्लच दाबून किल्ली फिरवावी. बल्ब लागला आणि सोलेनॉइड गप्प राहिला, तर सोलेनॉइड खराब. बल्ब लागला नाही, तर वीज वाटेत कुठेतरी अडते आहे. तशीच चाचणी क्लच स्विचच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वायरवर करत मागे यावे. अलीकडे बल्ब लागतो आणि पलीकडे लागत नाही, म्हणजे स्विच गेला. दोन्हीकडे लागत नाही, तर किल्लीचा स्विच किंवा त्याचा फ्यूज.

घाईच्या वेळी काही जण जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकतात आणि ट्रॅक्टर सुरू करतात. असे केल्याने किल्ली आणि सेफ्टी स्विच दोन्ही बाजूला पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर सुरू होताक्षणी तो चालू लागतो आणि माणूस नेमका पुढच्या व मागच्या चाकाच्या मध्ये उभा असतो. मागचे चाक अंगावरून जायला एक-दोन सेकंद लागतात. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनाला चालू राहायला विजेची गरज नसते, त्यामुळे बॅटरीची वायर ओढूनही ते थांबत नाही. अशा अपघातात जगभर शेतकरी मेले आहेत, त्यांत अनुभवी माणसेही आहेत. ‘मी कायम न्यूट्रलच ठेवतो’ हे खरे असले तरी काल संध्याकाळी ट्रॅक्टर मुलाने उभा केला होता, उतारावर होता म्हणून त्याने गिअर टाकून ठेवला होता, हे सकाळी कोणाच्या लक्षात नसते. सेफ्टी स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून कायमचा जोड देणे हेही तितकेच धोक्याचे. आज पेरणी निघते, पण पुढे वर्षानुवर्षे तो ट्रॅक्टर गिअरमध्येही सुरू होणारा राहतो. नवा स्विच स्वस्त मिळतो. खरिपाआधी एक घरात आणून ठेवावा.

बॅटरी रोज उतरते तेव्हा

चार्ज केलेली बॅटरी दोन दिवसांत पुन्हा उतरत असेल, तर दोनच शक्यता असतात. एक तर ती भरली जात नाही, नाही तर कुठेतरी गळते आहे.

भरली जाते का हे डॅशबोर्डवरचा लाल बॅटरी-दिवा सांगतो. किल्ली चालू केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चालू इंजिनात तो लागूनच राहिला, तर अल्टरनेटर (आपण त्याला डायनॅमोच म्हणतो) काम करत नाही. किल्ली चालू केल्यावर तो लागलाच नाही, तर तेही वाईट. अनेक ट्रॅक्टरमध्ये त्या दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच अल्टरनेटर जागा होतो, त्यामुळे दहा-वीस रुपयांचा बल्ब उडाला की चार्जिंग बंद पडू शकते. इंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीवर मल्टिमीटर लावावा. १३.८ ते १४.५ असे दिसले तर चार्जिंग ठीक. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा पाहावा. अंगठ्याने मध्यावर दाबल्यास तो साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ढिला असेल तर घसरतो. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरी उकळते, वास येतो, बल्ब उडतात.

अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी सवय सोडावी. जुन्या डायनॅमोवर ते खपून जात असे. अल्टरनेटरमध्ये वायर सुटताच व्होल्टेज उसळते आणि आतील डायोड जळतात. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण निकष लागू झाले आणि त्यांत संगणकावर चालणारी डिझेल यंत्रणा आली. तिथे ही चूक आणखी महागात पडते. अशा ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढावीत.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरते, तर सर्व काही बंद करून, किल्ली काढून, वजा टर्मिनल सोडवावे आणि खुंटी व सुटी वायर यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावावा. बल्ब पेटला म्हणजे बंद ट्रॅक्टर वीज खातो आहे. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या लाइनमध्ये गळती. एकाही फ्यूजने विझला नाही तर अल्टरनेटरची वायर सोडवून पाहावी, त्याचा डायोड गळत असू शकतो. बहुतेक वेळा मात्र गुन्हेगार फ्यूजबॉक्समध्ये नसतोच. तो थेट बॅटरीवरून घेतलेला साउंड, रंगीत एलईडी पट्टी किंवा मोबाइल चार्जर असतो. ट्रॅक्टरवर गाणी वाजवायला हरकत नाही, पण जोडणी किल्लीच्या पुढून, वेगळा फ्यूज घालून आणि योग्य जाडीच्या वायरने करून घ्यावी.

हळद काढणीच्या हंगामात आणखी एक गोष्ट दिसते. कुकरवर रात्री हळद शिजवताना उजेडासाठी ट्रॅक्टरचे दिवे लावून इंजिन बंद ठेवतात. हिशेब करून पाहू. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ ने भागले तर सुमारे ९ अँपिअर. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर आठ तासांत पूर्ण रिकामी होते आणि सेल्फ लागण्याइतकी ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. एवढ्या खोलवर वारंवार उतरवलेली बॅटरी लवकर मरते, कारण ती झटक्यात प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी हळूहळू देण्यासाठी नाही. शिजवणीच्या जागी १२ व्होल्टचे एलईडी दिवे वेगळ्या बॅटरीवर लावलेले बरे. पेरणीनंतर ट्रॅक्टर दीड-दोन महिने उभा राहतो तेव्हा वजा टर्मिनल काढून ठेवावे, किंवा पंधरवड्यातून एकदा इंजिन तासभर तरी चालवावे. पाच मिनिटे चालवून बंद केल्यास सेल्फने खर्च केलेली वीजही नीट भरून निघत नाही.

शेजारच्या ट्रॅक्टरवरून सुरू करायचे झाल्यास

दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असाव्यात आणि दोन्ही ट्रॅक्टर एकमेकांना टेकलेले नसावेत. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकवर, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकवर. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजावर आणि तिचे शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटचा जोड देताना ठिणगी उडते, म्हणून ते टोक बॅटरीवर लावायचे नाही. चांगला ट्रॅक्टर पाच मिनिटे चालवून मग दुसऱ्याचा सेल्फ मारावा. काढताना उलट क्रम. अधिक-वजा उलटे लागले तर अल्टरनेटर जागीच जातो, म्हणून खुंटीवरची खूण पुसून पाहावी, वायरच्या रंगावर विसंबू नये.

फ्यूज आणि वायर

उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालू नये. फ्यूज पुन्हा उडत असेल तर तो आपले काम करतो आहे, वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. त्याच अँपिअरचे चार फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवावेत. उंदराने तोडलेली वायर जोडताना नुसती पिळून टेप गुंडाळली तर उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवून घ्यावी आणि वायर सायलेन्सरपासून लांब बांधावी. ट्रॅक्टर प्रेशरच्या पाण्याने धुताना सेल्फ, अल्टरनेटर आणि फ्यूजबॉक्सवर थेट धार मारू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. मे महिन्यात गावोगाव सोयाबीनच्या उगवणक्षमतेची चाचणी दाखवली जाते. त्याच बैठकीत गावातील एका ट्रॅक्टरवर बॅटरीचे व्होल्टेज, अर्थिंगची पट्टी आणि क्लच स्विच तपासून दाखवायला अर्धा तास लागतो. तालुक्यातच तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या प्रशिक्षणातही हा विषय घेण्याजोगा आहे. ट्रॅक्टर शेतकऱ्याने स्वतः आणावा आणि मल्टिमीटरही त्याच्याच हातात द्यावा.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर वायरिंग स्वतः कापू नये. बॅटरीची वॉरंटी बहुधा बॅटरी कंपनीची वेगळी असते, तिचे कार्ड आणि खरेदीची तारीख जपून ठेवावी. मिस्त्रीला फोन करताना नुसते ‘सेल्फ लागत नाही’ असे न सांगता दिवे कसे राहतात, आवाज कोणता येतो आणि बॅटरीवर आकडा किती आहे, या तीन गोष्टी सांगाव्यात. त्यावरून त्याला सोबत स्विच आणायचा, सोलेनॉइड आणायचा की चार्ज केलेली बॅटरी, हे घरूनच ठरवता येते आणि दुसरी खेप वाचते.